माती मरत नाही, कामं विसरते

नोकरीची बहुतेक वर्षं मी मातीतले जिवाणू मोजण्यात घालवली. जैविक खतांचा विभाग माझ्याकडे होता. जड धातूंचं काम आलं ते मागच्या दारानं. शहराच्या सांडपाण्यावर भाजी करणारे, जुन्या द्राक्षबागा असलेले, कारखान्याच्या कुंपणाला लागून रान असलेले लोक पिशवीत माती घेऊन यायचे आणि विचारायचे, "मॅडम, एवढं घालूनही रान साथ का देत नाही?" सामू ठीक, क्षारता ठीक, नत्र-स्फुरद-पालाशही वाईट नाही. मग अशा मातीत शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त, निकेल, क्रोमियम शोधायला सुरुवात केली. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

१. पत्रिकेवर नाही म्हणजे मातीत नाही, असं समजू नये.

मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून घरोघरी पोचली. तिच्यावर १२ घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, मग जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन आणि शेवटी सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. आपल्या जमिनींत जस्ताची कमतरता खरोखरच मोठी आहे, तेव्हा पत्रिकेचा रोख बरोबरच आहे. पण तो रोख एकाच दिशेनं आहे. उपलब्ध जस्त ०.६ पीपीएमच्या खाली गेलं की 'कमी', तांबं ०.२ च्या खाली गेलं की 'कमी'. त्याच्या वर सगळं 'पुरेसे'. मग ते तांबं १ पीपीएम असो की ३०, शब्द तोच. पुरेसं कुठे संपतं आणि फाजील कुठे सुरू होतं, ती रेघ पत्रिकेवर नाही. शिसं आणि कॅडमियम यांना रकानाच नाही. जिवाणूंनाही नाही. जुन्या बागेच्या पत्रिकेवर 'तांबे : पुरेसे' वाचलं की मी सावध होते.

२. धातू हा जिवाणूचा जन्मजात वैरी नव्हे.

युरिया फोडणारं युरिएज हे विकर निकेलशिवाय चालत नाही. हवेतला नत्र बांधणाऱ्या विकराला मॉलिब्डेनम आणि लोह लागतं. जस्त आणि तांबं तर जवळजवळ प्रत्येक पेशीला हवं असतं. घोटाळा मात्रेचा आहे, आणि तोतयांचाही. कॅडमियम जस्तासारखं दिसतं, जस्ताच्याच दारानं पेशीत शिरतं आणि प्रथिनांतल्या गंधकाला असं चिकटतं की विकर जागच्या जागी अडतं. पेशी गप्प बसत नाही. आत आलेला धातू ती पंपानं बाहेर फेकत राहते, काही धातू प्रथिनांत बांधून ठेवते. हे सगळं फुकट होत नाही, त्याला ऊर्जा जाते. पुढे जे जे बिघडतं त्यातलं बरंच या खर्चातून येतं.

३. गाठ नखानं फोडून बघावी.

प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्रांपेक्षा या एका सवयीनं मला जास्त शिकवलं. हरभरा किंवा सोयाबीन फुलावर यायच्या सुमाराला झाड उपटायचं नाही, कुदळीनं मातीसकट काढायचं आणि मुळं बादलीत हलकेच धुवायची. उपटलं की गाठी मातीतच राहतात आणि माणूस म्हणतो, गाठी धरल्याच नाहीत. धुतल्यावर मुख्य मुळाच्या वरच्या भागातली गाठ घ्यायची आणि अंगठ्याच्या नखानं मधोमध चिरायची. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर कारखाना चालू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या द्रव्याच्या नात्यातला. आत पांढरट किंवा हिरवट निघालं तर गाठ आहे, पण नत्र नाही. अशी गाठ म्हणजे झाडानं फुकट पोसलेला पाहुणा. पांढऱ्या गाठीला इतरही कारणं असतात. गाठ कोवळी असेल, म्हातारी असेल, शेतात पाणी साचलं असेल किंवा युरिया जास्त पडला असेल. ही सगळी बाद झाल्यावरही शेतभर बारीक, पांढऱ्या, विखुरलेल्या गाठी दिसल्या, तर मी धातूची तपासणी सुचवते.

हे वेड लागलं ते इंग्लंडमधल्या वोबर्नच्या शेताबद्दल वाचल्यापासून. रोथॅमस्टेड संस्थेच्या या शेतात १९४२ पासून १९६१ पर्यंत काही वाफ्यांना शहरी सांडपाण्याचा गाळ घातला, काहींना शेणखत. हेतू चांगला होता, हलक्या जमिनीत सेंद्रिय पदार्थ वाढावेत. मग गाळ बंद झाला. वीसेक वर्षांनी ब्रुक्स आणि मॅकग्रा या संशोधकांनी त्याच वाफ्यांतलं सूक्ष्मजीवांचं एकूण वजन काढलं, तर गाळाच्या वाफ्यांत ते शेणखताच्या वाफ्यांच्या साधारण निम्मं भरलं. हा निकाल १९८४ साली छापून आला. गाळ संपून दोन दशकं झाली होती, गाळाबरोबर आलेलं जस्त आणि कॅडमियम मात्र जागेवर होतं.

पांढऱ्या क्लोव्हरची गोष्ट तर त्याहून विलक्षण. शेणखताच्या वाफ्यात क्लोव्हर हिरवंगार, गाळाच्या वाफ्यात पिवळं आणि खुरटं. मुळांवर गाठी होत्या, पण निकामी. क्लोव्हरच्या गाठींत राहणाऱ्या रायझोबियम जिवाणूच्या सगळ्या कामसू जाती त्या मातीतून गेल्या होत्या. उरली होती ती एकच, गाठ बांधणारी पण नत्र न देणारी. बाहेरून चांगली जात भरपूर संख्येनं घातली की गाठी नीट धरायच्या. पण तीच जात यजमान झाडाशिवाय त्या मातीत ठेवली तर टिकायची नाही. बियाण्याला रायझोबियमचं पाकीट चोळूनही दरवर्षी उपयोग का होत नाही, हे मला विचारणाऱ्यांना मी ही हकिगत सांगते. पाकिटातला जिवाणू पेरणीच्या दिवशी जिवंत असतो. पुढच्या हंगामापर्यंत त्याला त्याच मातीत राहायचं असतं.

४. शिरगणती फसवते.

पेट्री डिशमध्ये वसाहती मोजल्या तर धातूच्या मातीत कित्येकदा आकडा बरा येतो. कारण गेलेल्यांची जागा सोशीक जाती घेतात. साधारणपणे बुरशी जिवाणूंपेक्षा धातू जास्त सोसते, त्यामुळे तोल बुरशीकडे झुकतो. साखर खाणारे, पेंढा कुजवणारे भरपूर असतात. त्यांच्यातले दहा गेले तर दुसरे दहा ते काम उचलतात. पण अमोनियाचं नायट्रेट करणारे, गाठीत नत्र बांधणारे हे मोजके कारागीर. गावची लोकसंख्या तेवढीच राहावी आणि लोहार-सुतार तेवढे निघून जावेत, असं काहीसं होतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगत आले, की मातीला "तुम्ही किती आहात" असं विचारू नका. तिला अमोनिया द्या आणि नायट्रेट किती दिवसांत होतं ते पाहा. पालापाचोळा द्या आणि किती उरतो ते तोला.

५. सेंद्रिय कर्ब वाढला म्हणून लगेच पेढे वाटू नयेत.

हे वाक्य ऐकून बरेच शेतकरी नाराज होतात. आमच्याच लोकांनी त्यांना वर्षानुवर्षं कर्ब वाढवा, कर्ब वाढवा म्हणून सांगितलंय. पण कर्ब दोन कारणांनी वाढतो: भर जास्त पडली म्हणून, किंवा कुजणं थांबलं म्हणून. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये पामर्टन नावाचं गाव आहे. तिथे १८९८ पासून १९८० पर्यंत जस्त वितळवण्याचे कारखाने चालले. शेजारच्या डोंगरउतारावरची झाडी गेली. आणि जिथे झाडं उरली तिथे जमिनीवर पाचोळ्याचा थर जाड होत गेला, कारण तो कुजवणारे बुरशी-जिवाणू आणि पाचोळा कुरतडणारे बारीक किडे धातूनं कमी झाले होते. स्वीडनमध्ये गुसुम इथल्या पितळेच्या कारखान्याभोवतीही कुजण्याची क्रिया अशीच मंदावलेली आढळली. पाचोळ्यात अडकलेलं अन्न झाडाला मिळत नाही. तेव्हा कर्ब वाढला तर त्यातला जिवंत भाग किती, हेही बघावं. चांगल्या मातीत एकूण कर्बाच्या साधारण १ ते ४ टक्के कर्ब सूक्ष्मजीवांच्या अंगात असतो. धातूच्या मातीत हा वाटा घसरतो, मग एकूण आकडा कितीही भरघोस असो.

६. श्वास जोरात म्हणजे तब्येत छान, असंही नाही.

माती बरणीत बंद करून निघणारा कार्बन डायऑक्साइड मोजणं ही आमची रोजची चाचणी. धातूच्या मातीत कधी कधी वायू चांगल्या मातीइतकाच निघतो आणि अहवाल लिहिणारा खूश होतो. त्याच मातीतल्या जिवांचं वजन काढून भागाकार करावा. निम्म्या जिवांनी तेवढाच वायू सोडला असेल, तर प्रत्येकाचा खर्च दुप्पट झालाय. मिळालेलं अन्न अंगी लागण्याऐवजी धातू बाहेर फेकण्यात जातंय.

७. बोर्डोचा हिशेब वहीत लिहावा.

नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात मोरचुदाशिवाय हंगाम निघत नाही. मी मोरचूद-चुन्याच्या या बोर्डो मिश्रणाच्या विरोधात नाही. डाउनी रोगानं घड जाताना ज्यानं पाहिलंय त्याला उपदेश करू नये. बोर्डोचा जन्मही मजेदार आहे. फ्रान्समधल्या मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेलींवर येणारेजाणारे हात मारतात म्हणून बागायतदार मोरचूद आणि चुना शिंपडायचे. मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्याच वेलींवर डाउनी नाही, आणि १८८५ साली त्यानं ते मिश्रण जाहीर केलं. आपल्याकडे अजूनही मिश्रण झालं की लोखंडी विळ्याचं पातं त्यात बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडला. पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तांबं पात्यावर बसतं. मातीतही ते असंच कुठेतरी बसतं, फक्त तिथे आपल्याला दिसत नाही.

हिशेब असा. १ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद. मोरचुदात तांबं साधारण २५ टक्के. एकरी ४०० लिटर फवारलं तर ४ किलो मोरचूद, म्हणजे १ किलो तांबं. एकरातली वरची अर्धा फूट माती ढोबळमानानं ९ लाख किलो भरते. तेव्हा एका पूर्ण फवारणीत, सगळं शेवटी जमिनीवर आलं असं धरलं तर, मातीत १ पीपीएमच्या थोडी वर भर पडते. आकडा किरकोळ वाटतो. वर्षाला अशा पाच फवारण्या आणि बागेचं वय वीस वर्षं धरा, शंभरी पार होते. युरोपीय संघानं तांब्याच्या औषधांना सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो, एकरी १.६ किलो. वरच्या हिशेबानं दोन फवारण्यांत ती सरासरी मागे पडते.

एका जुन्या बागेत मालकानं मला अभिमानानं दाखवलं: वरून बोर्डो, खालून ठिबकमधून ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आणि स्युडोमोनास हे जिवाणू. मी म्हटलं, "दादा, ट्रायकोडर्मा तसा सोशीक आहे, पण दोन्ही हातांनी दोन दिशांना ओढू नका." ते हसले. पुढच्या हंगामापासून ०.५ टक्क्याचं मिश्रण आणि फवारणीची वही सुरू झाली. माझ्या दृष्टीनं तेवढं पुष्कळ.

८. तेच तांबं, दोन माती, दोन निकाल.

आपल्या काळ्या जमिनीचा सामू ८ च्या आसपास, वर चुनखडी. असल्या मातीत तांबं, जस्त, शिसं चुनखडीला आणि चिकणमातीला घट्ट बसतं आणि जिवाणूंच्या वाट्याला कमी येतं. देशावरच्या बऱ्याच बागा वर्षानुवर्षं फवारणी होऊनही तगल्या, त्यामागे हे एक कारण आहे. कोकणात सुपारीवर कोळेरोगासाठी तोच बोर्डो मारतात, पण खालची जांभ्याची माती आम्ल. तिथे धातू जास्त मोकळा राहतो. म्हणून नुसता एकूण तांब्याचा आकडा घेऊन मी कधी मत देत नाही. सामू विचारते, चुनखडी विचारते, मगच बोलते.

काळ्या मातीवाल्यांनी मात्र निश्चिंत राहू नये. ठिबकच्या नळ्या साफ करायला आणि स्फुरद द्यायला आम्ल सोडलं जातं. ते जिथे थेंब थेंब पडतं त्या वाटीएवढ्या जागेत सामू उतरतो, आणि नेमकी तिथेच पांढरी मुळी असते.

९. लाल रंगावर आंधळा विश्वास ठेवू नये.

डिहायड्रोजनेजची चाचणी आमची लाडकी, कारण निकाल डोळ्यांना दिसतो. ओल्या मातीत टीटीसी नावाचं रंगहीन द्रव्य घालायचं, नळी अंधारात ३७ अंशाला दिवसभर ठेवायची. जिवंत पेशी त्या द्रव्याचं लाल फॉर्मझान करतात. मिथेनॉल ओतून हलवलं की वर लालभडक द्राव चढतो, मेलेली माती फिकट राहते. पाहुण्यांना दाखवायला यापेक्षा चांगलं काही नाही. पण १९९१ साली चंदर आणि ब्रुक्स यांनी दाखवून दिलं की तांब्याच्या मातीत ही चाचणी दगा देते. तांबं त्या लाल रंगाशीच रासायनिक खेळ करतं आणि रंग उतरतो. जिवाणू असतात, रंग नसतो. म्हणजे ज्या मातीसाठी चाचणी हवी त्याच मातीत ती खोटी साक्ष देणार. तेव्हापासून एकट्या चाचणीवर मी सही करत नाही.

१०. नमुना बिघडला की सगळं बिघडलं.

जस्त तपासायचं आणि माती जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत गोळा करायची, हे मी फार वेळा पाहिलं आहे. प्लॅस्टिकची बादली घ्या. जिवाणूंच्या चाचणीची माती उन्हात वाळवू नका, ओलीच, बर्फाच्या डब्यातून, शक्यतो त्याच दिवशी पोचवा.

११. बरणीतलं कॅडमियम आणि वावरातलं कॅडमियम वेगळं.

विद्यार्थ्यांचे प्रबंध बहुधा असे असतात: चांगली माती, त्यात कॅडमियमचा क्षार विरघळवून ओतला, महिन्याभरात जिवाणू किती मेले. निकाल जोरदार येतो, कारण सगळा धातू एकदम आणि मोकळा पडतो, शिवाय क्षारानं सामूही उतरतो. वावरात धातू थेंबाथेंबानं येतो, मुरतो, आणि जिवाणूंची पिढीमागून पिढी त्याला सामोरी जाते. पहिला प्रयोग विषाचा झटका दाखवतो. वोबर्नसारखे जुने वाफे दाखवतात ते चाळीस वर्षांचं दुखणं. आपल्या राज्यात जुने खतप्रयोग आहेत, त्यांची माती जपून ठेवलेली असेल तर ती सोन्यासारखी सांभाळावी, असं माझं मत आहे.

१२. धातूला मुदत नसते.

कीटकनाशक कधी ना कधी फुटतं. शिशाचे तुकडे होत नाहीत. आपल्या देशात २००० सालापासून पेट्रोलमध्ये शिसं घालणं बंद झालं, पण त्याआधी धुरातून जे रस्त्याकडेच्या मातीवर बसलं ते तिथून नाहीसं झालेलं नाही. जुन्या महामार्गाला खेटून परसबाग करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

१३. 'धातू खाणारे जिवाणू' विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत.

खाऊन त्याचं काय होतं, आणि ते जातं कुठे? जिवाणू तेल खातात, फिनॉल खातात, त्यांचा वायू आणि पाणी होतं. मूलद्रव्य खाता येत नाही. जिवाणू फक्त त्याचं रूप पालटतात, आणि तेवढंही कधी कधी मोलाचं असतं. विषारी सहासंयुजी क्रोमियमचं कमी धोक्याचं त्रिसंयुजी क्रोमियम करणारे जिवाणू आहेत. नेदरलँड्समधल्या बुडेलच्या जस्त कारखान्यात सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंकडून भूजलातलं जस्त सल्फाइड करून खाली बसवतात, १९९२ पासून. पण ते टाकीत, नियंत्रणात, आणि बसलेला गाळ बाहेर काढून. पाऱ्याची वाफ करून हवेत सोडणारे जिवाणूही आहेत, आणि त्याच पाऱ्याचं मिथाइल पारा हे जहाल विष करणारे दुसरेही. शेतात पाकीट ओतलं आणि धातू गेला, हे म्हणजे पी हळद अन् हो गोरी.

धातू सोसणारे जिवाणू म्हणजे चमत्कार, असंही कुणी मानू नये. बेल्जियममधल्या जस्त कारखान्याच्या टाकीत १९७६ साली सापडलेला क्युप्रिअॅव्हिडस मेटॅलिड्युरन्स त्यांतला सगळ्यात प्रसिद्ध. त्याची बरीचशी सोशिकता प्लाझ्मिडवर, म्हणजे एका पेशीतून दुसरीत जाऊ शकणाऱ्या जनुकांच्या कड्यावर आहे. अशा कड्यांवर अनेकदा प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकंही शेजारीच बसलेली असतात. धातूनं एकाला निवडलं की दुसरं आपोआप निवडलं जातं. सांडपाण्याच्या गाळात दोन्ही एकत्र येतात, ही गोष्ट मला धातूच्या आकड्यापेक्षाही जास्त काळजीची वाटते.

१४. जे काही करायचं ते ट्रॉली उतरण्याआधी.

मातीत गेल्यावर हातात फार थोडे उपाय राहतात: आम्ल जमिनीत चुना, भरपूर कुजलेलं शेणखत, धातू कमी उचलणारं पीक आणि पालेभाजीला त्या रानात बंदी. हे उपाय धातूला बांधून ठेवतात, काढत नाहीत. शहरी कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात मर्यादा ठरलेल्या आहेत. दर किलोला कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, तांबं ३००, जस्त १०००, आर्सेनिक १० आणि पारा ०.१५. मर्यादेतला माल वापरला तरी हिशेब चालूच राहतो. एकरी ५ टन कंपोस्ट आणि त्यात कॅडमियम काठोकाठ ५ मिलिग्रॅम असेल, तर दरवर्षी २५ ग्रॅम कॅडमियम त्या एकरात उतरतं. म्हणून मर्यादेच्या जेवढं खाली, तेवढं बरं.

शहरातला गाळ, कारखान्याची राख, 'फुकट खत' म्हणून बांधावर येणारं काहीही असो, आधी धातूंचा अहवाल मागा, त्यावरची तारीख बघा, आणि अहवाल नसेल तर ट्रॉली भरलेलीच परत पाठवा.